तीनशे नव्व्याण्णव लाल खुणा

जबाब देणार: निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, इमारतीत ‘टेलिफोनबाई’ म्हणून ओळख, वय सहासष्ट वर्षे, सध्याचा व्यवसाय घरकाम, राहणार जुन्या टपाल कचेरीमागची चार मजली इमारत, तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडचं दार.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय सांगते ते असे.

मी वरील पत्त्यावर माझे पती, वय एकाहत्तर, निवृत्त छापखाना यंत्रचालक, यांच्यासह त्रेचाळीस वर्षं राहते. आम्हाला एक मुलगी, ती परदेशात असते. पतींना आजूबाजूची मंडळी ‘दुर्बीणकाका’ म्हणतात. इथून पुढे मी त्यांचा उल्लेख ‘हे’ असाच करणार आहे. हवालदारांनी दोन वेळा ‘सदर इसम’ असं लिहिलं आणि दोन्ही वेळा मी ते खोडायला लावलं. त्रेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला सदर इसम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आज सकाळी ८ वाजून २५ मिनिटांनी घरी फोन आला. बोलणारे हेच हवालदार होते, आवाज मी ओळखते. ते म्हणाले, तुमचे मिस्टर आमच्याकडे आहेत, कारागृहाच्या मागच्या भिंतीवर पाळत ठेवताना पहारेकऱ्यांनी पकडलं. मी विचारलं, त्यांनी काही खाल्लंय का? ते म्हणाले, आजी, प्रकरण गंभीर आहे. मी म्हटलं, आजी नाही, मावशी म्हणा, आणि त्यांची रक्तदाबाची गोळी राहिली आहे ती घेऊन येते. गोळी आणि पाण्याची बाटली घेऊन मी ९ वाजून ५ मिनिटांनी ठाण्यात पोचले.

हे दाराजवळच्या लाकडी बाकावर बसले होते. मला बघून उभे राहिले, मग ओशाळून खाली बसले. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते मी लावलं. त्यांच्या कानात यंत्र नव्हतं. छापखान्यात छत्तीस वर्षं यंत्राशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले आहेत. यंत्राशिवाय त्यांना अगदी कानाशी ओरडलेलंच कळतं, तेही अर्धं. मी ‘काय करून बसलात?’ असं विचारलं तर ते म्हणाले, ‘हो, घेतो, दे गोळी.’

फौजदारबाईंनी मला यांच्याकडे सापडलेल्या वस्तू टेबलावर दाखवल्या. एक लांब दुर्बीण, तिचं तीन पायांचं स्टँड, एक वही, एक काळी पेन्सिल, एक लाल पेन्सिल आणि दिवाणखान्याचा एक जुना पडदा. पडदा आमचाच. दुर्बीण त्यात गुंडाळून नेली होती, म्हणजे मला जिन्यात दिसू नये. याशिवाय एका पाकिटात यांचं कानयंत्र होतं आणि पाकिटावर ‘संशयास्पद विद्युत उपकरण’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, बाई, हे आधी त्यांच्या कानात घाला, नाहीतर तुम्ही विचाराल एक आणि ते सांगतील भलतंच. फौजदारबाई म्हणाल्या, पंचनामा झाला की देतो.

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान वाचून दाखवलं. त्यात यांच्याच अक्षरात गेल्या अकरा दिवसांच्या नोंदी आहेत. ‘६.५० न. भिंतीवर. ७.१२ मा. बाहेर आली. ७.१५ न. ने मा. ला खाणं आणून दिलं. ७.४० दोघं टाकीमागे दिसेनासे.’ अशा अनेक. रोजची शेवटची नोंद अशी: ‘११.२० ते ११.५० मा. बसलेली. अजिबात हलत नाही.’ तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. फौजदारबाई म्हणाल्या, भिंतीच्या त्या बाजूला बायकांची बराक आहे आणि तिथला पहारा बरोबर साडेअकराला बदलतो. तेव्हा हा न. कोण, ही मा. कोण, आणि खाणं कसलं पोचवतात, ते सांगा.

मी सांगितलं की न. म्हणजे नर आणि मा. म्हणजे मादी. हवालदार म्हणाले, ते आम्हालाही कळलं, नावं सांगा. मी सांगितलं, पक्षी आहेत हो. पानाच्या वर डाव्या कोपऱ्यात ‘४००. तांबड्या पाठीचा छोटा ससाणा’ असं लिहिलंय ते वाचा. त्यावर हवालदार म्हणाले, ते टोपणनाव असेल.

तेव्हा पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

आम्ही दोघं एकतीस वर्षं पक्षी बघतो. सुरुवात माझी. यांचे कान चाळिशीतच जायला लागले आणि छापखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता हे वाढतच जाणार. त्यानंतर हे घरात गप्प झाले. कामावरून यायचे आणि खिडकीत बसायचे. मुलगी तेव्हा शाळेत होती, ती मला विचारायची, बाबा रागावलेत का? माझ्या जिवाला घोर लागला. एक दिवस मी जुन्या बाजारातून एक छोटी दुर्बीण आणली आणि यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, खिडकीत बसताच आहात तर निदान काहीतरी बघा. दुसऱ्या रविवारी हे मला कालव्यावर घेऊन गेले. तेव्हापासून एखादा रविवार चुकला असेल तर तो मुलीच्या बाळंतपणाला तिच्याकडे गेले तेव्हाचाच.

आमची काम करायची एक पद्धत आहे. पक्षी आधी दिसत नाही, आधी ऐकू येतो. यांना ऐकू येत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले. समोरच्याने श्वास घेतला तरी कोण बोलतंय ते मला कळायचं. म्हणून मी यांच्या मागे उभी राहते आणि यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवते. आवाज डावीकडून आला तर डाव्या खांद्यावर बोट मारते, उजवीकडून आला तर उजव्या. एकदा मारलं तर खाली झुडपात, दोनदा तर मधल्या फांद्यांवर, तीनदा तर शेंड्यावर. तेवढ्या खुणेवर हे दुर्बीण वळवतात आणि पक्षी शोधून काढतात. यांची नजर घारीची आहे. छापखान्यात उलटी अक्षरं वाचून ती तशी झाली असं हे म्हणतात.

वहीच्या पहिल्या पानावर यांनी नियम लिहून ठेवला आहे: ‘दोघांनी पाहिला तरच धरावा.’ म्हणून प्रत्येक पक्ष्यापुढे दोन खुणा. काळी यांची, लाल माझी. पक्षी पाहून झाला की हे दुर्बीण माझ्या हातात देतात, मी पाहते, मी ‘दिसला’ म्हणते, आणि हे लाल पेन्सिल माझ्यापुढे धरतात. एवढंच. त्यात कट नाही आणि टोळी नाही. लाल खुणेचा जो दुसरा माणूस तुम्ही शोधताय तो मीच.

फौजदारबाईंनी विचारलं, म्हणजे या वहीतले तीनशे नव्व्याण्णव पक्षी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत? तसं लिहून देताय? वहीचं खरं-खोटं तुमच्या सांगण्यावर ठरणार आहे. खोटं लिहून दिलंत तर ते तुमच्यावर येईल. मी सांगितलं: ‘<s>होय, सर्व तीनशे नव्व्याण्णव पक्षी मी स्वतः पाहिले आहेत.</s>’

वरचं वाक्य माझ्या सांगण्यावरून खोडलं आहे. हवालदारांनी ते लिहून पूर्णविराम दिला आणि मी म्हटलं, थांबा, खोडा. ते वैतागले. मी मागे वळून बघितलं. हे बाकावर बसून भिंतीवरची हरवलेल्या माणसांची चित्रं बघत होते. कानात यंत्र नव्हतं. मी फौजदारबाईंना म्हटलं, मी आता जे सांगणार आहे ते एकतीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही, मुलीलासुद्धा नाही. ते यांच्या कानावर जायला नको. वाटेल तिथे माझी सही घ्या, पण एवढं करा. त्या म्हणाल्या, जबाब आमच्या कागदात राहतो.

तर सांगते की त्या तीनशे नव्व्याण्णवांपैकी मी धड पाहिलेले पक्षी साठ, फार तर सत्तर असतील. त्यात बदकं, बगळे, घुबडं, म्हणजे जे आकाराने मोठे किंवा स्वभावाने आळशी. बाकीचे मी पाहिलेले नाहीत. मला दुर्बिणीतून पक्षी सापडत नाही. माझे डोळे चांगले आहेत, सुईत दोरा अजून मीच ओवते. पण दुर्बीण लावली की मला आधी पानं दिसतात, मग आभाळ दिसतं, मग माझीच पापणी दिसते, आणि तेवढ्यात तो मेला उडून जातो.

पहिल्यांदा खोटं बोलले ते कालव्यावर, दुसऱ्याच रविवारी. खंड्या होता. पाण्यावरून शिट्टी मारत आला ती मी ऐकली आणि यांच्या डाव्या खांद्यावर एकदा बोट मारलं. यांनी दुर्बीण वळवली आणि लहान मुलासारखे ‘अरे अरे अरे’ करायला लागले. निळा, काय निळा! म्हणाले. तीन महिन्यांत हे माझ्याशी एवढं बोललेले नव्हते. मग दुर्बीण माझ्या हातात दिली. मला पानं दिसली. हे विचारत होते, दिसला का? दिसला का? मी यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, दिसला. तिथे लाल खूण केली. वहीतली सातवी.

एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा जड गेलं नाही. पुढे तर सवयच झाली.

सगळ्यात मोठं खोटं परदेशातलं आहे, तेही लिहून घ्या. नऊ वर्षांपूर्वी आम्ही मुलीकडे दोन महिने गेलो होतो. तिथे माझं पहिल्यांदा काही चालेना. झाडाझाडावर पक्षी बोलत होते आणि मला एकाचाही आवाज ओळखू येत नव्हता. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी सगळ्या तारा एकदम खणखणायला लागल्या होत्या तसं झालं. आठ दिवस मी यांच्या मागे खांद्यावर हात ठेवून नुसती उभी. हे संध्याकाळी वही उघडायचे आणि मिटायचे. मग मी रोज सकाळी मुलीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडून बसायला लागले. थंडीने बोटं गारठायची. मुलगी म्हणायची, आई, खिडकी लाव ना, हीटर वाया जातोय. मी एकेक आवाज धरून बसायचे, कुठून येतो, किती वेळ येतो, त्याच्यानंतर कोण बोलतं. नवव्या दिवशी कुंपणात कोणीतरी काडी मोडल्यासारखं बोललं आणि मी यांच्या उजव्या खांद्यावर एकदा बोट मारलं. हे एवढे खूष झाले की तिथल्या शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं. भाषा येत नव्हती तरी सांगितलं.

त्याच मुक्कामात बोटीने एका बेटाजवळ नेलं होतं. कड्यावर हजारो समुद्रपक्षी. बोटीवरची सगळी माणसं उभी राहून ओरडत होती. मला बोट लागली होती आणि माझं डोकं बादलीत होतं. हे मधून मधून खाली वाकून विचारत होते, दिसला का? आणि मी बादलीत तोंड ठेवून म्हणत होते, दिसला. त्या दिवसाच्या सहा लाल खुणा आहेत, दोनशे ब्याऐंशीपासून दोनशे सत्याऐंशीपर्यंत. हवालदारांना हसू आलं असेल तर त्यांनी हसून घ्यावं, मला चालेल.

पण ऐकलेले मात्र सगळे आहेत. वहीतला एकही पक्षी असा नाही की ज्याचा आवाज मला ओळखू येत नाही. कोणताही आकडा काढा, मी तोंडाने आवाज काढून दाखवते. फौजदारबाईंनी एकशे चव्वेचाळीस म्हटलं. मी काढून दाखवला. खिडकीबाहेरच्या झाडावरून उत्तर आलं.

आता अकरा दिवसांबद्दल. बारा दिवसांपूर्वीपर्यंत हे माझ्याशिवाय कधीही पक्षी बघायला गेलेले नाहीत. अकरा दिवसांपूर्वी सकाळी साडेसहाला हे ‘फिरायला जातो’ म्हणून निघाले आणि बाराला आले. दुसऱ्या दिवशी तसंच. माझा गुडघा दुखतो, पण मला विचारलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी दुर्बीण कपाटात नाही हे माझ्या लक्षात आलं. सहाव्या दिवशी पडदा. मला वाटलं, यांना माझं खोटं कळलं. किंवा यांना एखाद्या पक्षीमित्र मंडळातलं दुसरं कोणीतरी भेटलं, जिला दुर्बिणीतून खरंच दिसतं, आणि आता लाल पेन्सिल हे तिच्यापुढे धरतात. सहासष्टाव्या वर्षी असा विचार करायला मला लाज वाटते, पण केला. आज वहीत त्या पानावर काळी खूण आहे आणि लाल खुणेची जागा रिकामी आहे हे बघून माझा जीव भांड्यात पडला. तुम्हाला त्या रिकाम्या जागेचा संशय आला, मला तिचाच आधार वाटला.

त्या साडेअकराच्या नोंदीखाली दोन रेघा का ओढल्या, हे मला सांगता येणार नाही. मला माहीत नाही.

माझ्या पतीने आयुष्यात भिंतीवरून काही नेलेलं नाही आणि कोणाला पळवलेलं नाही. त्यांना घरी सोडावं, वही परत द्यावी आणि वरचा मजकूर त्यांना समजू देऊ नये, एवढीच विनंती आहे.

यानंतर हवालदारांनी पानांवर आकडे घातले आणि ११ वाजता जबाब मला वाचून दाखवायला घेतला. त्या वेळी जे घडलं तेही जोडावं असं फौजदारबाईंनी सांगितलं, म्हणून पुढचं लिहिलं आहे.

जबाब देणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवावा लागतो हे मला माहीत नव्हतं. हवालदारांचा आवाज असा आहे की एक्स्चेंजमध्ये असते तर मी त्यांना तारेशिवाय लावून दिलं असतं. ते कालव्यापर्यंत आले तेव्हा मला मागे बाक करकरल्याचं ऐकू आलं. वळून बघते तर यांच्या कानात यंत्र. पाकीट मघाशीच शिपायाने यांच्या हातात दिलं होतं. मीच तर नऊ वाजल्यापासून मागत होते. हे हात कानामागे धरून, मान पुढे काढून, एकेक शब्द ऐकत होते.

मी म्हटलं, हवालदार, थांबा. फौजदारबाई म्हणाल्या, मध्ये थांबलं तर परत पहिल्यापासून वाचावं लागतं. हवालदार वाचत राहिले. खंड्या झाला. परदेश झाला. बादली झाली. मला पदरात तोंड लपवावंसं वाटलं. एकतीस वर्षं सांभाळलेलं असं भर सकाळी सरकारी आवाजात बाहेर पडलं.

वाचून संपल्यावर हे उठून टेबलापाशी आले. हे रागावले तर मोठ्याने बोलतात आणि रागावले नाहीत तरी मोठ्याने बोलतात, त्यामुळे काही कळेना. हे म्हणाले, ‘मला माहीत होतं असं नाही म्हणत मी. शंका होती.’

मी विचारलं, ‘कधीपासून?’

‘पहिल्या दोन-तीन वर्षांपासून. अगं, पक्षी दिसला की माणसाच्या तोंडून आधी काहीतरी निघतं. अरे, अहाहा, काहीही. तू एकतीस वर्षांत अकरा वेळा ‘अगंबाई’ म्हणालीस. ते अकरा मला पाठ आहेत. बाकी वेळी नुसतं ‘दिसला’. हजेरी दिल्यासारखं.’

मी म्हटलं, ‘मग एकदाही विचारलं नाहीत?’

हे म्हणाले, ‘विचारलं असतं आणि तू यायची बंद झाली असतीस तर? मला पक्षी कुठे आहे तेच कळत नाही तुझ्याशिवाय.’

हवालदारांनी विचारलं, हे लिहायचं का? फौजदारबाई म्हणाल्या, लिहा.

मग यांनी वहीच्या त्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि फौजदारबाईंना सांगितलं, ‘बाई, हिला दुर्बिणीतून पक्षी सापडायला चार मिनिटं लागतात. मी घरी मोजलंय, समोरच्या गच्चीवरचा पाइप हिला दुर्बिणीतून शोधायला लावून, हिच्या नकळत. चार मिनिटं कोणता पक्षी थांबतो हो? म्हणून न उडणारा शोधत होतो. ही मादी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर सकाळी अकरा वीसला येऊन बसते ती अकरा पन्नासपर्यंत हलत नाही. अकरा दिवस बघितलं, एक दिवसही चुकली नाही. चारशेवा हिला खरा दाखवायचा होता. आधी सांगितलं असतं तर आल्या आल्या म्हणाली असती, दिसला.’

फौजदारबाईंनी घड्याळ बघितलं. ११ वाजून १८ मिनिटं झाली होती. त्या म्हणाल्या, ठाण्याच्या गच्चीवरून ती टाकी दिसते, खरं काय ते आत्ता बघू. हे, मी, त्या आणि हवालदार असे चौघं गच्चीवर गेलो. जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत, माझ्या गुडघ्यामुळे हे एकेका पायरीला थांबत होते. हवालदार पुढे जाऊन पुन्हा खाली आले आणि मला म्हणाले, मावशी, हात द्या.

यांनी स्टँड लावलं, दुर्बीण टाकीवर धरली आणि हे बाजूला झाले. आधी फौजदारबाईंनी बघितलं. त्या ‘अरे!’ म्हणाल्या. मग हवालदारांनी बघितलं. ते जे म्हणाले ते लिहू नये अशी त्यांनी विनंती केली, म्हणून लिहिलेलं नाही.

मग मी डोळा लावला. पापणी दिसली. मग आभाळ दिसलं. धक्का लागून दुर्बीण हलली आणि नुसती विटांची भिंत दिसायला लागली. मला सवयीने ‘दिसला’ म्हणावंसं वाटलं, शब्द ओठापर्यंत आला होता. पण आज ‘दिसला का?’ असं कोणीच विचारलं नाही. यांनी मागे येऊन माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. उजव्या खांद्यावर बोट मारलं, तीनदा. मी दुर्बीण उजवीकडे नेली, वर नेली. विटा, पाइप, गंज, कठडा.

ती तिथे होती. एक पाय पोटात घेऊन दुसऱ्यावर उभी. पाठ तांबडी, भाजलेल्या कौलाची असते तशी, आणि वाऱ्याने छातीवरचं एकेक पीस उचललं जात होतं आणि परत बसत होतं. तिने मान वळवली. डोळ्याभोवती पिवळं कडं आहे. मी तिला किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. माझ्या तोंडून ‘अगंबाई’ निघालं. हे मी ठरवून म्हटलं नाही.

हे लगेच हवालदारांना म्हणाले, ‘वेळ लिहा. अकरा एकतीस. आणि तो शब्द लिहा, बारावा.’ हे रडत होते. मीसुद्धा. कारागृहातला पहारा तेव्हा बदलत होता, त्याकडे आमच्यापैकी कोणी बघितलं नाही.

खाली आल्यावर फौजदारबाईंनी सांगितलं की कारागृहाला कळवतो, तुम्ही घरी जा. यांनी वही मागितली आणि चारशेव्या नोंदीपुढे मी लाल खूण केली. मी म्हटलं, मागच्या खोडून टाका, खोट्या आहेत. यांनी वही पहिल्या पानावर उघडली. ‘दोघांनी पाहिला तरच धरावा’ याच्याखाली लिहिलं, ‘ऐकलेलाही धरावा.’ फौजदारबाई म्हणाल्या, वही अजून आमच्या ताब्यात आहे, तीत भर घातली तर शेजारी सही लागते. आणि त्यांनी शेजारी सही केली.

हा जबाब, पुढे जोडलेल्या मजकुरासह, हवालदारांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी सांगितलं तसाच तो लिहिला आहे, खोडलेलं एक वाक्य सोडून. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते, कानात यंत्र होतं. जबाब आम्हा दोघांनाही ऐकू आला.